कीटार गळ्यात घालण्याआधी

कीटार, म्हणजे गिटारसारखा गळ्यात अडकवून वाजवायचा कीबोर्ड, घेताना लोक आवाज ऐकतात, दिवे बघतात, आरशात एकदा स्वतःला बघून घेतात. पाठ कोणी बघत नाही. माझं सांगणं असं की वाद्य हातात आलं की आधी ते पालथं करा आणि सेलचं झाकण उघडा. आत किती सेल बसतात, कोणत्या जातीचे चालतात, अ‍ॅडॉप्टरच्या भोकाशेजारी काय छापलंय, एवढं वाचलं की पुढचा निम्मा त्रास तिथेच कळतो. स्टेजवर कीटार दगा देते ती बहुतेक वेळा विजेपायी.

हे दुखणं जुनंच आहे. १९८० च्या मूग लिबरेशनला वीज यायची ती वेगळ्या पेटीतून, लांबलचक केबलनं. वाद्य खांद्यावर, पण दाव्याला बांधलेलं. १९८७ ची यामाहाची एसएचएस-१० आली ती सहा पेन्सिल (एए) सेलवर चालणारी, ३२ छोट्या पट्ट्यांची, पोटातच स्पीकर असलेली. खेळणंच म्हणा, पण मोकळं. तेव्हापासून आजपर्यंत बहुतेक कीटार पेन्सिल सेलवरच जगत आल्या आहेत, आणि आपली सगळी डोकेदुखी तिथूनच निघते.

या पोस्टमध्ये मी मुख्यतः रोलँड एएक्स-एज धरून बोलणार आहे. २०१८ मध्ये आलेली, ४९ पूर्ण आकाराच्या पट्ट्यांची, आठ सेलची. जोडीला यामाहा एसएचएस-५०० आणि कॉर्ग आरके-१००एस येतील. या दोन्ही ३७ पट्ट्यांच्या आणि सहा सेलच्या. तुमची वेगळी असली तरी हिशेब तोच, फक्त आकडे तुमच्या पुस्तिकेतले घाला.

सेल: कोणते, किती, आणि का

साधा अल्कलाइन पेन्सिल सेल १.५ व्होल्टचा. रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचा. कागदावर अल्कलाइन जास्त जोमदार दिसतो. आठ घातले तर १२ व्होल्ट, रिचार्जेबल आठ घातले तर ९.६. तरीही एएक्स-एजसाठी रोलँडनं रिचार्जेबलच सांगितले आहेत, आणि त्यामागे कारण आहे. अल्कलाइनचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, जास्त. रिमोट किंवा भिंतीवरचं घड्याळ चालवायला तो उत्तम, पण सतत अर्धा अँपिअर ओढणारं वाद्य त्याला लावलं की त्याचा व्होल्टेज बसायला लागतो, आणि डब्यावर छापलेली ताकद प्रत्यक्षात मिळतच नाही. रिचार्जेबल सेल सुरुवातीला थोडा उतरतो आणि मग बराच वेळ १.२ च्या आसपास टिकून राहतो. वाद्याला हवा असतो तो हाच टिकाऊपणा.

आता अर्धा अँपिअर हा आकडा कुठून आला ते बघा. एएक्स-एज १९०० एमएएचच्या (मिलीअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवण) सेलवर साधारण चार तास चालते असं कंपनी सांगते. १९०० भागिले ४ म्हणजे ४७५ मिलीअँपिअर. त्याला ९.६ व्होल्टनं गुणलं की साडेचार वॉट. हा साडेचार वॉटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे पॉवरबँकला उपयोगी पडेल. आणि ते चार तास नव्या, पूर्ण भरलेल्या, एकसारख्या आठ सेलचे आहेत. दोन वर्षं वापरलेल्या संचावर मी तीन तासच धरतो. साउंडचेकचा वेळही त्यातच मोजतो, कारण साउंडचेकला नुसतं उभं राहिलं तरी वाद्य तेवढीच वीज खातं.

सेल घेताना डब्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघून घेऊ नका. पेन्सिल सेलच्या आकारात निकेल-मेटल हायड्राइडची खरी क्षमता २७००-२८०० एमएएचच्या पुढे जात नाही. ३८००, ५००० असं छापलेलं दिसलं तर दुकानदाराला नमस्कार करून पुढे व्हा. शिवाय २५०० च्या घरातले 'प्रो' सेल तुलनेनं कमी वेळा चार्ज होतात आणि लवकर थकतात. कीटारसाठी १९००-२००० एमएएचचे, ठेवल्या ठेवल्या न उतरणारे सेल घ्यावेत. ही जात २००५ मध्ये सान्योनं एनेलूप नावानं आणली, आता इतरही बनवतात. जुन्या पद्धतीचा रिचार्जेबल सेल भरून महिनाभर कपाटात ठेवला की चांगलाच उतरलेला सापडतो. हे नव्या जातीचे महिन्यांनंतरही कामाचे असतात. ज्याचे कार्यक्रम लगीनसराईत आणि गणपतीत एकदम येतात आणि मध्ये महिने कोरडे जातात, त्याला दुसरी जात परवडणारच नाही.

दोन गोष्टी मात्र वाद्याच्या जवळही येऊ देऊ नका. एक, १४५०० नावाचा लिथियम सेल. दिसायला हुबेहूब पेन्सिल सेल, पण ३.७ व्होल्टचा. आठ घातले की २९.६ व्होल्ट, आणि वाद्य तिथल्या तिथे खलास. दोन, यूएसबीनं चार्ज होणारे '१.५ व्होल्ट लिथियम' सेल. यांच्या पोटात व्होल्टेज उतरवणारं छोटं सर्किट असतं. त्याची चिरचिर कधीकधी आवाजात उतरते. त्याहून वाईट म्हणजे हे सेल शेवटपर्यंत १.५ दाखवतात आणि मग एका क्षणात शून्यावर येतात. बॅटरी कमी झाल्याची खूण दिसायच्या आधीच अंधार.

सहा सेलच्या वाद्यांत अल्कलाइनही चालतो, पण काही वाद्यांच्या सेटिंगमध्ये सेलची जात निवडायची सोय असते. ती बदलायची राहिली तर बॅटरीचा निर्देश खोटं बोलतो. रिचार्जेबल घातलेत आणि सेटिंग अल्कलाइनवर आहे, तर भरलेले सेलही अर्धे दिसतील. उलट केलंत तर रिकामे होईपर्यंत भरलेले दिसतील.

आठांतला एक

आठ सेल एकामागे एक, माळेत जोडलेले असतात. माळेचा हिशेब साखळीसारखा, एक कडी कच्ची असली की सगळं गेलं. सातांत अजून जीव असतो, आठवा संपतो, आणि मग बाकीचे सात त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतात. तो शून्याच्याही खाली जाऊन उलटा भरायला लागतो. असा उलटा गेलेला सेल पुन्हा कधी धड होत नाही, आणि पुढच्या वेळी संपूर्ण संच लवकर बसतो. लोक म्हणतात, 'सेल खराब झाले.' खराब एकच झालेला असतो, पण नवे आठ आणले जातात.

म्हणून आठ सेलचा एक संच, आणि तो संच कधी फोडायचा नाही. त्यातले दोन घरातल्या घड्याळाला, दोन मुलांच्या गाडीला असं केलं की संच संपला. मार्करनं प्रत्येक सेलवर अक्षर आणि आकडा घाला. पहिल्या संचाला अ-१ ते अ-८, दुसऱ्याला ब-१ ते ब-८.

कच्चा सेल शोधायची पद्धत सोपी आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. मोजायचं ते भरल्यावर नाही, वाजवून झाल्यावर. भरलेला सेल कितीही थकलेला असला तरी १.३-१.४ दाखवून मोकळा होतो. कार्यक्रम संपल्यावर मात्र आठही बाहेर काढून ओळीत मांडा आणि एकेक मोजा. सात सेल १.२२, १.२३ दाखवतात आणि अ-५ दाखवतो १.०६, तर चोर सापडला. एकदा असं झालं तर तो सेल चांगल्या चार्जरवर दोन-तीनदा पूर्ण उतरवून भरून बघा. पुढच्या वेळीही तोच मागे पडला तर त्याला रिमोटमध्ये पाठवा. त्याच्या जागी मात्र नवा करकरीत सेल घालू नका, तसाच वापरलेला जोडीदार शोधा. दोन संच एकाच वेळी घेतलेले असले की इथे सोय होते.

चार्जर प्रत्येक सेलला वेगळा कप्पा असलेला हवा, म्हणजे प्रत्येक सेल स्वतंत्र भरणारा. स्वस्त चार्जर दोन-दोन सेल जोडीनं भरतात. जोडीतला एक आधी भरला तरी दुसऱ्यासाठी त्याला तापत बसावं लागतं. २००० एमएएचचा सेल ५०० मिलीअँपिअरनं भरायला साडेचार-पाच तास लागतात. 'पंधरा मिनिटांत फुल' वाले चार्जर सेलला भाजून काढतात. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतून काढलेले तापलेले सेल लगेच चार्जरला लावू नयेत. गरम सेल भरतोय की नुसता तापतोय हे चार्जरला नीट कळत नाही, आणि सेल अर्धवट भरून बाहेर येतो.

एक गैरसमज इथेच मिटवू. अ‍ॅडॉप्टर लावला म्हणजे आतले सेल चार्ज होतात, असं नाही. सुट्या पेन्सिल सेलवर चालणारी बहुतेक वाद्यं आतल्या सेलना हात लावत नाहीत. रात्रभर अ‍ॅडॉप्टर लावून ठेवला तरी सकाळी सेल कालच्याएवढेच.

अ‍ॅडॉप्टर आणि ते उलटं-सुलटं टोक

रोलँडच्या छोट्या अ‍ॅडॉप्टरचं टोक आतून निगेटिव्ह असतं, ९ व्होल्ट. यामाहाच्या कीबोर्डच्या अ‍ॅडॉप्टरचं आतून पॉझिटिव्ह, १२ व्होल्ट. दिसायला दोन्ही सारखीच. पिशवीत दोन्ही असतील तर अंधारात चुकीचं लागणार, आणि ते नेमकं कार्यक्रमाच्या दिवशी लागणार. काही वाद्यांत उलट्या टोकापासून बचाव करणारा डायोड असतो, तरी त्या भरवशावर राहू नये. डायोड वाचवतोही, पण कधीकधी आतला फ्यूज घेऊन जातो.

तपासायला मल्टिमीटरची लाल काडी टोकाच्या आत, काळी बाहेरच्या धातूला. आकडा ९ आला तर आतून पॉझिटिव्ह, उणे ९ आला तर आतून निगेटिव्ह. वाद्यावर भोकाशेजारी एक छोटी आकृती असते. मधला ठिपका अधिकच्या खुणेला जोडलाय की उण्याच्या, ते तिच्याशी जुळवा. झालं की अ‍ॅडॉप्टरच्या वायरला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा आणि तोच रंग वाद्याच्या भोकाजवळही लावा. लाल रोलँडला, निळी यामाहाला. स्टेजमागे टॉर्चच्या उजेडात वाचत बसण्यापेक्षा रंग पटकन दिसतो.

परदेशातून कोणी जुनी एसएचएस-१० किंवा तत्सम वाद्य आणलं तर अ‍ॅडॉप्टरवर 'इनपुट'समोर काय लिहिलंय ते आधी वाचा. १००-२४० असेल तर बिनधास्त लावा. जपानचा १०० व्होल्टचा किंवा अमेरिकेचा १२० व्होल्टचा जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला ठोकळा आपल्या २३० व्होल्टला लावला की धूर. असले जुने ठोकळे आणखी एक गंमत करतात. वर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण वाद्य न लावता मोजलं तर १२-१३ दाखवतात. ते नियंत्रित नसतात. नवं वाद्य त्यावर चालवू नका.

आता मांडवातली वीज. जनरेटरवर किंवा तीन फेजच्या तात्पुरत्या जोडणीवर खरा धोका असतो न्यूट्रल सुटण्याचा. न्यूट्रल सैल झाला की एखाद्या फेजवरच्या सगळ्या सॉकेटमध्ये व्होल्टेज ३०० च्या वर, वाईट प्रसंगी ४०० च्या जवळ जातं. मिक्सरपासून हॅलोजनपर्यंत सगळं एका फटक्यात. सेलवर चालणाऱ्या कीटारला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून मिरवणुकीत किंवा मैदानातल्या कार्यक्रमात मी सेलच मुख्य मानतो आणि अ‍ॅडॉप्टर राखीव. घरी सराव करताना मात्र उलट. तिथे अ‍ॅडॉप्टर लावावा, सेल कशाला झिजवायचे?

अ‍ॅडॉप्टर काढला की वाद्य आपोआप सेलवर येतं का, हे घरीच बघून ठेवा. काही वाद्यं न अडखळता सेलवर येतात, काही बंद होऊन पुन्हा सुरू होतात. तुमची दुसऱ्या जातीची असेल तर दोन गाण्यांच्या मध्ये अ‍ॅडॉप्टरला हात लावायचा नाही, हे सगळ्या टीमला सांगा. वायर पायात अडकून निघणं हाही त्यातलाच प्रकार.

पॉवरबँक

चार तासांच्या पुढे जायचं असेल तर पॉवरबँक कमरेला. इथे तो साडेचार वॉटचा आकडा लागतो. १०,००० एमएएचची पॉवरबँक म्हणजे आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर ३७ वॉट-तास. यूएसबीच्या ५ व्होल्टचे ९ करण्यात थोडं जातं, हाती ३० च्या आसपास लागतात. भागिले ४.५ म्हणजे साडेसहा तास. पेन्सिल सेलच्या संचात हाच हिशेब १८ वॉट-तासांचा होतो. २०,००० ची घेण्याची गरज बहुतेकांना नाही, तेवढं वजन कमरेला लटकणार.

९ व्होल्ट मिळवायचे दोन मार्ग. एक, यूएसबीच्या ५ चे ९ करणारी बूस्ट केबल. दोन, पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे मागू तेवढे व्होल्ट देण्याची यूएसबीची सोय) असलेल्या पॉवरबँककडून थेट ९ व्होल्ट मागून घेणारी ट्रिगर केबल. दुसरा मार्ग चांगला, कमी तापतो. पण तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, टोक. बाजारातल्या बहुतेक अशा केबलींचं टोक आतून पॉझिटिव्ह असतं. रोलँडला आतून निगेटिव्ह हवं. भोकाचा आकार तोच, म्हणजे केबल सुखानं बसणार आणि घात होणार. गिटार पेडलसाठी विकल्या जाणाऱ्या केबली आतून निगेटिव्ह असतात, त्या घ्या. तरीही मल्टिमीटर लावल्याशिवाय वाद्याला जोडू नका.

दुसरं, १२ व्होल्ट. पीडीमध्ये ५, ९, १५, २० हे ठरलेले टप्पे आहेत, १२ त्यात पक्का नाही. यामाहासाठी १२ व्होल्टची ट्रिगर केबल घेतली आणि तुमच्या पॉवरबँकला १२ माहीतच नसेल, तर ती ९ किंवा ५ देईल. वाद्य सुरूच होणार नाही, किंवा अर्धवट सुरू होऊन कुरकुरेल. पॉवरबँकच्या मागे बारीक अक्षरांत १२ छापलंय का ते बघूनच घ्या.

तिसरं फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. दोन-तीन भोकांच्या पॉवरबँकवर कीटार चालू असताना दुसऱ्या भोकात कोणी फोन लावला की पॉवरबँक सगळ्यांशी नव्यानं बोलणी करते. त्या क्षणी ९ व्होल्ट तुटतात आणि कीटार बंद होऊन पुन्हा सुरू होते. ऐन गाण्यात. पॉवरबँक कोणालाही उसनी द्यायची नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

छोट्या, मुका कंट्रोलर म्हणून वापरायच्या वाद्यांत, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेल्या एलेसिस व्होर्टेक्ससारख्यांत, अडचण उलटी असते. ती इतकी कमी वीज ओढतात की काही पॉवरबँकना वाटतं कोणी जोडलेलंच नाही, आणि त्या अर्ध्या मिनिटात झोपतात. त्यांच्यासाठी 'लो करंट मोड' असलेली पॉवरबँक बघा.

पॉवरबँक वाद्याला चिकटवू नका, तोल जातो. पट्ट्याला वेल्क्रोनं किंवा कमरेच्या पाउचमध्ये ठेवा. केबलचं टोक काटकोनी असू द्या आणि केबल आधी पट्ट्यात अडकवून मग भोकात घाला, म्हणजे ओढ बसली तर पट्ट्यावर बसेल. भोकाची जोडणी मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती तुटली की दुरुस्ती पॉवरबँकपेक्षा महाग. विमानानं जात असाल तर पॉवरबँक हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात चालत नाही.

पट्टा आणि उभं राहणं

एएक्स-एज चार किलोच्या वर आहे, एसएचएस-५०० दीड किलोची. चार किलो दोन तास एका खांद्यावर म्हणजे मानेला चांगलाच ताण. दोन इंची गिटारचा पट्टा टाळा, तीन इंची, आतून मऊ अस्तराचा घ्या. पट्टा खुंटीवरून सुटू न देणारे स्ट्रॅप लॉक हवेतच. पट्ट्याच्या खुंट्यांचे स्क्रू वर्षातून दोनदा तपासा. हलकासा सैल झालेला स्क्रू बोटानं कळतो, डोळ्यांना दिसत नाही. गरजेपेक्षा जास्त आवळूही नका, प्लास्टिकमध्ये आटे घासले की मग काहीच धरत नाही.

उंची ठरवताना आरशात बघू नका, मनगटाकडे बघा. उजवं कोपर शरीराजवळ, हात जमिनीला साधारण समांतर, मनगट सरळ. मनगट आत मुडपत असेल तर वाद्य फार खाली आहे. दिसायला खाली लोंबलेलं भारी दिसतं हे खरं, पण जलद तुकडा आला की बोटं अडतात. डाव्या हाताचा अंगठा ताण न देता बेंडरपर्यंत, म्हणजे सूर वरखाली वाकवायच्या कळीपर्यंत, पोचला पाहिजे. शेरवानीची मोठी बटणं, साडीवरचा ब्रोच, कमरपट्टा यांकडेही बघून घ्या. वाद्याची पाठ ओरखडते ते एक, पण सेलच्या झाकणाची कळ नेमकी पोटाशी असते आणि ती बटणात अडकून उघडल्याची तक्रार ऐकू येते. झाकणावर कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा, काम झालं.

उडी मारली, वाद्य मांडीवर आपटलं आणि ते बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तर सेल संपलेत असं समजू नका. स्प्रिंग दबलेली असते, सेल क्षणभर सुटतो. झाकण उघडा, स्प्रिंग चिमट्यानं हलकेच मिलिमीटरभर बाहेर ओढा, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसानं पुसा. झाकणाच्या आतून पातळ फोमची पट्टी लावली की सेल खडखडत नाहीत. चांदीचा कागद घडी करून स्प्रिंगपाशी कोंबायची युक्ती कोणी सांगितली तर ऐकू नका. तो सरकला की शॉर्ट.

आवाज बाहेर काढताना

एक आउटपुट वापरायचं असेल तर 'एल/मोनो' लिहिलेल्या भोकात पी-३८ जॅक (गिटारचा पाव इंची) लावा. नुसत्या उजव्या भोकात लावला तर स्टिरिओ टोनचा अर्धाच भाग ऐकू येतो आणि मग टोन पातळ वाटतो म्हणून लोक इक्वलायझर फिरवत बसतात. पुढे डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी, ट्रान्सफॉर्मरवाला. अ‍ॅडॉप्टरवर घुंऽऽ असा हम येत असेल आणि सेलवर गेल्यावर थांबत असेल, तर दोष अर्थिंगच्या वर्तुळाचा आहे. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा. मिक्सरच्या किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या तीनपिनी प्लगची अर्थिंगची पिन काढून हम घालवणारे लोक अजून आहेत. त्यांच्या स्टेजवर माइकला ओठ लावू नका.

वायरलेस लावायचं तर गिटारचे २.४ गीगाहर्ट्झचे छोटे सेट चालतात. उशीर काही मिलीसेकंदांचा, म्हणजे स्पीकरपासून एक-दोन मीटर लांब उभं राहण्याइतका. आवाज हवेतून एक मीटर जायलाच जवळपास ३ मिलीसेकंद घेतो. पण हे सेट गिटारच्या कमी ताकदीच्या सिग्नलसाठी बनलेले असतात. कीटारचा लाइन आउटपुट बराच मोठा. व्हॉल्यूम पूर्ण ठेवला तर ट्रान्समीटरमध्येच आवाज फाटतो, आणि मिक्सरवर काहीही केलं तरी तो शिवला जात नाही. वाद्यावर व्हॉल्यूम साठ-सत्तर टक्क्यांवर ठेवा, उरलेलं साउंडवाल्याला गेननं घेऊ द्या. गर्दीत शेकडो फोनही त्याच २.४ गीगाहर्ट्झच्या लहरींवर बोलत असतात, म्हणून रिसीव्हर रॅकच्या मागे न ठेवता समोर, नजरेच्या रेषेत ठेवा. वाद्याचं ब्लूटूथ वापरत नसाल तर बंद करा. ब्लूटूथ हेडफोनवर किंवा स्पीकरवर वाजवायचा प्रयत्न करू नका, उशीर इतका की पट्टी दाबल्यावर सूर पाव्हण्यासारखा मागाहून येतो.

ब्लूटूथ मिडी वेगळं, त्यात आवाज जात नाही, कोणती पट्टी दाबली एवढाच निरोप जातो. ते चालतं. फक्त आयपॅडवर जोडणी मुख्य सेटिंगमधून न करता वाजवायच्या अ‍ॅपच्या आतून करा. सेटिंगमधून केली की 'जोडलंय' दिसतं आणि सूर एकही नाही.

बाकी सेटिंग थोडक्यात. ऑटो-ऑफ बंद करा. बऱ्याच वाद्यांत ते कारखान्यातून चालूच येतं आणि निवेदक लांबला की वाद्य झोपी जातं. बेंड रेंज दोन अर्धस्वर ठेवलीत तर मींड ताब्यात राहते. बारा ठेवली तर गिटारसारखी झेप मिळते, पण हात बसायला वेळ लागतो. ट्रान्सपोज, म्हणजे गाण्याची पट्टी वरखाली सरकवणं, पांढरी एकवरून मोजा. काळी एकसाठी अधिक १, काळी चारसाठी अधिक ८ करण्यापेक्षा उणे ४ बरं, टोन चिरका होत नाही. टोन कार्यक्रमाच्या क्रमानं फेव्हरिटमध्ये लावा आणि सेव्ह करा. सेव्ह न करता सेल बदलले की केलेले बदल पुसले जातात.

सुरू करताना व्हॉल्यूम शून्य, साउंडवाल्याला म्यूट सांगा, जॅक लावा, मग वाद्य चालू करा. पूर्ण सुरू होऊ द्या, मग अनम्यूट. बंद करताना उलट.

घरी आल्यावर घाम पुसा, सेल काढा. पुन्हा पंधरा दिवस वाजवायचं नसेल तर आत एकही सेल ठेवू नका. कोकणपट्टीत, गोव्यात, मुंबईत पावसाळ्यात टोकांवर हिरवट थर धरतो. गळलेल्या अल्कलाइनचा पांढरा खवला दिसला तर आधी व्हिनेगरमध्ये किंचित ओला केलेला कापूस फिरवा, तो क्षार मारतो, आणि मग अल्कोहोलनं पुसून कोरडं करा. केसमध्ये सिलिका जेलच्या दोन पुड्या. सेल प्लास्टिकच्या डबीत, भरलेला संच टोकं वर करून आणि वापरलेला टोकं खाली करून, म्हणजे पुढच्या वेळी घाईत डबी उघडली तरी कोणता कोणता ते विचारावं लागत नाही.